जुनी पिकअप, नवी पिकअप : इंजिनाचे बळ कागदावर आणि चढावर

बिदर जिल्ह्यातील चिटगुप्पा हे कन्नड, मराठी आणि उर्दू या तीन भाषांच्या सांध्यावर वसलेले गाव. १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यात होते. राज्य पुनर्रचनेत ते तेव्हाच्या म्हैसूर आणि आजच्या कर्नाटक राज्यात आले. तूर, मूग, उडीद, सोयाबीन, ऊस आणि आले ही या टापूतील पिके. पुणे-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग ६५ तालुक्यातील मन्नाएखेळ्ळीवरून जातो, तर नांदेडहून उदगीर आणि बिदरमार्गे येणारा महामार्ग ५० हुमनाबादेत त्याला छेदून कलबुर्गीकडे उतरतो. ऊस ट्रॅक्टर आणि ट्रकने कारखान्याकडे जातो. बाकीचा बहुतेक माल, म्हणजे तुरीची पोती, आल्याच्या गोण्या, भाजी, सिमेंट, शेळ्या-मेंढ्या आणि लग्नाचा मंडपसुद्धा, पिकअपच्या हौद्यातूनच हलतो.

गोव्याच्या वाचकालाही ही गाडी परकी नाही. बेळगावची भाजी घेऊन पहाटे चोर्ला घाट उतरणाऱ्या गाड्यांत तिचा भरणा मोठा असतो. त्यामुळे सीमाभागातील भाडेकरी चालकापुढे आज जो प्रश्न आहे, तोच डिचोली किंवा म्हापशातील चालकापुढेही आहे : जुन्या धाटणीची, गावच्या फिटरला उलगडणारी गाडी सांभाळावी किंवा तशीच दुसऱ्या हाताची घ्यावी, की कर्ज काढून नव्या प्रदूषण मानकाची गाडी दारात आणावी? विक्रेता या प्रश्नाचे उत्तर अश्वशक्तीच्या आकड्याने देतो. तो आकडा खोटा नसतो. परंतु मालवाहू गाडीच्या बाबतीत तो सर्वांत कमी बोलणारा आकडा असतो.

जहिराबादचा वारसा

या टापूत हलक्या मालवाहू गाडीचा इतिहास अगदी हाकेच्या अंतरावर घडला आहे. चिटगुप्प्याच्या पूर्वेस सुमारे पन्नास किलोमीटरवर जहिराबाद आहे. १९५६ पूर्वी हा तालुका बिदर जिल्ह्याचाच भाग होता. पुढे तो आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात गेला आणि आता तेलंगणात आहे. १९८० च्या दशकात हैदराबादच्या ऑल्विन कंपनीने जपानच्या निसानशी करार करून तेथे हलक्या मालवाहू गाड्यांचा कारखाना उभारला. त्याच दशकात डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी या जोड्याही भारतीय रस्त्यांवर आल्या. या जपानी लाटेला टाटांनी १९८६ मध्ये ‘४०७’ने उत्तर दिले आणि ही चढाओढ कोणी जिंकली हे सर्वांना ठाऊक आहे. ऑल्विन-निसान १९८९ मध्ये महिंद्राच्या ताब्यात गेली. जहिराबादेत पुढे महिंद्राच्या तीनचाकी आणि लहान मालवाहू गाड्या बनू लागल्या आणि २०१३ मध्ये ट्रॅक्टरचा कारखानाही सुरू झाला.

त्या काळातील भारतीय पिकअपचे इंजिन प्रामुख्याने दोन घराण्यांतून आले. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिन बनवण्याचा परवाना घेतला होता. टाटांनी १९८८ मध्ये पुण्यातून ‘टाटामोबाइल २०६’ ही आपली पहिली पिकअप बाजारात आणली. तिच्यात १९४८ सीसीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. हेच इंजिन पुढे सिएरा आणि सुमोतही आले. या इंजिनांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता आधी डोक्यातील एका लहान कोठीत फवारले जाई, तेथे ज्वलन सुरू होई आणि मग ज्वाळा मुख्य कोठीत शिरे. आवाज मऊ राही, पंप आणि नोझलवर दाब कमी लागे. पण त्या लहान कोठीच्या भिंती उष्णता शोषून घेत आणि तेवढे इंधन वाया जाई. थंडीच्या सकाळी ‘हीटर’ची तार तापेपर्यंत किल्ली धरून बसण्याची सवय त्या पिढीच्या चालकांना आहे, ती यामुळेच.

६८ आणि ६३ : लहान आकडा मोठा कसा?

आता दोन गाड्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. टाटांचे ते १९४८ सीसीचे इंजिन मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर सुमारे ६८ अश्वशक्ती देई. तिच्यानंतरच्या पिढीतील, बीएस-४ मानकाच्या महिंद्रा बोलेरो पिकअपचे २५२३ सीसीचे इंजिन मिनिटाला ३२०० फेऱ्यांवर ६३ अश्वशक्ती देते. इंजिन मोठे, काळ नवा आणि अश्वशक्ती मात्र पाचने कमी. एवढ्यावरून निष्कर्ष काढणारा मनुष्य जुन्या गाडीलाच सरस ठरवील.

परंतु भरलेल्या गाडीची चाके चढावर फिरवतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या दांड्याला मिळणारा पीळ. टाटांच्या त्या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ११८ न्यूटन-मीटर होता आणि तो २५०० फेऱ्यांच्या आसपास मिळे. बोलेरो पिकअपचा टॉर्क १९५ न्यूटन-मीटर आहे आणि तो १४०० ते २२०० फेऱ्यांच्या पट्ट्यात मिळतो. टॉर्कला फेऱ्यांनी गुणले की त्या क्षणी हाती असलेली शक्ती निघते. त्या हिशेबाने १४०० फेऱ्यांवर बोलेरोकडे सुमारे ३९ अश्वशक्ती असते. जुन्या इंजिनाने १४०० फेऱ्यांवर आपला सगळा टॉर्क दिला असे उदारपणे मानले, तरी हिशेब चोविसाच्या पुढे जात नाही. तेवढीच ३९ अश्वशक्ती हवी असेल तर त्या इंजिनाला २३०० फेऱ्यांच्या वर किंचाळावे लागते. म्हणजे एक गिअर खाली, जास्त रेस, जास्त डिझेल आणि जास्त ताप.

कलबुर्गीचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि बिदरचे पठार साडेसहाशेच्या जवळ. कलबुर्गीहून माल भरून हुमनाबादकडे येणारी गाडी सबंध वाटभर हळूहळू चढतच असते. अशा लांब, सौम्य चढावर फरक पडतो तो नेमका या १४०० फेऱ्यांवरच्या बळाचा. ‘नवी गाडी टॉपमध्येच चढते’ असे चालक म्हणतात, त्या वाक्याचे शास्त्रीय भाषांतर हेच आहे.

उंचीचा आणखी एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही. साडेसहाशे मीटरवर हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ असते. स्वतःच्या श्वासावर चालणारे, म्हणजे टर्बो नसलेले इंजिन जवळपास तेवढेच बळ येथे गमावते. टर्बोचे इंजिन धुराच्या जोराने चक्री फिरवून हवा कोंबून घेते, त्यामुळे त्याची तूट बहुतांशी भरून निघते. मडगावात आणि बिदरमध्ये एकच जुनी गाडी सारखी ओढणार नाही. टर्बोच्या गाडीत हा भेद जाणवण्याइतका राहत नाही.

इंजिन लहान, काम तेवढेच

टाटांच्या दुसऱ्या वाटेने गेले की पिढ्यांमधील फरक आणखी स्पष्ट होतो. ‘४०७’च्या कुळातील २९५६ सीसीचे थोराड इंजिन ‘२०७’ पिकअपमध्ये आणि नंतर जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या ‘योधा’तही बसवले गेले. बीएस-४ योधात त्याची शक्ती ८५ अश्वशक्ती आणि टॉर्क २५० न्यूटन-मीटर होता. बीएस-६ मानक आले तेव्हा योधाला २१७९ सीसीचे इंजिन मिळाले : शक्ती १०० अश्वशक्ती आणि टॉर्क पूर्वीइतकाच, २५०. सिलिंडरांचे आकारमान चतुर्थांशाहून अधिक घटले आणि ओढ मात्र जागच्या जागी राहिली. दर लिटरमागे टॉर्क मोजला तर टाटामोबाइलचा सुमारे ६१, तीन लिटरच्या योधाचा ८५ आणि बीएस-६ योधाचा ११५ न्यूटन-मीटर भरतो. अशोक लेलँडच्या ‘दोस्त’चेही तसेच आहे. २०११ मध्ये १४७८ सीसीच्या तीन सिलिंडर इंजिनातून ५५ अश्वशक्ती मिळे. २०२० मध्ये आलेल्या ‘बडा दोस्त’मध्ये तेवढ्याच आकारमानातून ८० मिळू लागली.

ही किमया मुख्यतः कॉमन रेलची. जुन्या व्यवस्थेत पंप प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र ठोका देई. इंजिनाचा वेग कमी असला की पंपाचा दाबही कमी असे, थेंब जाड पडत आणि धूर काळा निघे. कॉमन रेलमध्ये सगळ्या इंजेक्टरांना मिळून एकच नळी असते आणि तिच्यात हजार-दीड हजार बारचा दाब सतत तयार असतो. फवारा केव्हा, किती आणि किती हप्त्यांत मारायचा हे संगणक ठरवतो. या तंत्राची पहिली मोटार १९९७ मधील अल्फा रोमिओ १५६. भारतीय पिकअपच्या हौद्यापुढे ते यायला मधली काही वर्षे लागली आणि त्याला निमित्त कामगिरीचे नव्हे, तर धुराच्या कायद्याचे होते. बीएस-३ मानक देशभर २०१० मध्ये लागू झाले. बीएस-४ ची सक्ती १ एप्रिल २०१७ पासून झाली. शिल्लक बीएस-३ गाड्या त्या दिवसानंतर विकू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश त्याआधी अवघे तीन दिवस आला आणि विक्रेत्यांनी सवलतींचा पाऊस पाडला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. हलक्या मालवाहू गाड्यांच्या जड गटासाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा या टप्प्यावर किलोमीटरमागे ०.३९ ग्रॅमवरून ०.१२५ वर आली आणि काजळीची ०.०६ वरून ०.००४५ वर. काजळीत ही घट तेरा पटींहून अधिक आहे. गावच्या बाजारपेठेत गाड्यांच्या मागे उभ्या राहणाऱ्या हमालाच्या छातीला हा आकडा अश्वशक्तीपेक्षा जास्त जवळचा आहे.

एक गोष्ट मात्र जाहिरातीत सापडत नाही. इंजिनांचे बळ वाढले तसा हौद्याचा परवानाही वाढला. जुनी बोलेरो पिकअप सव्वा टनाची होती. महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपमधील सर्वांत मोठा प्रकार दोन टनांचा आहे, शक्ती सुमारे ८० अश्वशक्ती आणि टॉर्क २२० न्यूटन-मीटर. मालाच्या प्रत्येक टनामागे हिशेब केला तर जुन्या गाडीकडे पन्नास अश्वशक्ती होत्या आणि नवीकडे चाळीस आहेत. गाडीचे स्वतःचे वजन धरल्यास हा फरक बराच मिटतो हे खरे. तरीही नवी गाडी पूर्ण भरल्यावर जुनीपेक्षा चपळ वाटेल, ही अपेक्षा गैर आहे. वाढलेले बळ वेगासाठी नव्हे, तर एका फेरीत जास्त पोती नेण्यासाठी खर्ची पडले आहे. अर्थात जुन्या सव्वा टनाच्या गाडीवरही दोन टन लादले जातच होते. फरक एवढाच की आता ते चासी आणि पाट्यांच्या संमतीने लादले जातात.

उतारावर तर लहान इंजिन थोडे उणेच पडते. गिअरमध्ये ठेवून गाडी उतरवताना इंजिन जो अडसर देते, तो बव्हंशी त्याच्या आकारमानावर अवलंबून असतो. तीन लिटरच्या इंजिनाने ज्या गिअरमध्ये भार धरला असता, तेथे सव्वादोन लिटरचे इंजिन गाडीला सुटू देते. दोन टन भाजी घेऊन चोर्ला उतरताना जुन्या सवयीने तिसऱ्यात राहिलेला चालक ब्रेकवर विसंबतो आणि घाट संपेपर्यंत लायनर जळल्याचा वास येऊ लागतो. नव्या गाडीत एक गिअर खाली घेऊनच उतार सुरू करावा.

फिटरचा पाना आणि संगणकाची तार

जुन्या इंजिनाची खरी श्रीमंती त्याच्या दुरुस्तीत होती. मोटार इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे फिटर मंडळींची ‘मायको’, १९५१ मध्ये स्थापन झाली. बंगळुरू आणि नाशिकच्या तिच्या कारखान्यांतून निघालेले पंप आणि नोझल देशभर पोहोचले. (२००८ पासून कंपनीचे नाव बॉश, गॅरेजात ते अजून रुळलेले नाही.) नोझल अडले तर काढून, साफ करून, दाब तपासून पुन्हा बसवणारा कारागीर तालुक्याच्या गावी मिळे. टाइमिंग बिघडले तर कानाने ओळखून पंप किंचित फिरवणारे उस्तादही होते. गाडी दोन दिवस उभी राहिली तरी तिसऱ्या दिवशी भाड्यावर जाई.

नव्या इंजिनात बिघाड कमी होतात, पण झाला की तो तालुक्याच्या हाताबाहेर जातो. इंजेक्टरमधील फट काही सहस्रांश मिलिमीटरची असते. डिझेलमधील पाणी, धूळ किंवा रॉकेलची भेसळ जुना पंप कुरकुरत पचवी. कॉमन रेल पचवत नाही. रॉकेलला वंगणपणा कमी असल्याने पंपाचेच भाग झिजतात आणि त्याचा धातूचा कीस चारही इंजेक्टरांत जातो. डबक्यातून डिझेल भरण्याची खेड्यातील सवय या गाडीला सर्वांत महाग पडते. इंधनातील गंधकाचे प्रमाण बीएस-३ काळात दशलक्ष भागांत ३५० होते, बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये १०. पंपावरचे इंधन सुधारले आहे. प्रश्न आहे तो पंपापासून टाकीपर्यंतच्या प्रवासाचा.

बीएस-६ गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. साचलेली काजळी साडेपाचशे-सहाशे अंश तापमानाला जाळून गाळणी स्वतःला साफ करते आणि त्यासाठी गाडी बऱ्यापैकी वेगात सलग पंधरा-वीस मिनिटे धावावी लागते. चिटगुप्प्याहून जहिराबाद किंवा सोलापूरच्या वाटेला लागणाऱ्या गाडीत हे आपोआप घडते. पण जी गाडी दिवसभर शेत ते अडत आणि अडत ते गोदाम अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारते, थांब्यावर इंजिन चालूच ठेवते, तिची गाळणी भरत जाते. आधी दिवा लागतो. दिव्याकडे दुर्लक्ष केले तर संगणक इंजिनाचे बळ कापतो आणि गाडी रिकामीसुद्धा रांगू लागते. अर्धवट जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी वाढते, तेही याच रोगाचे लक्षण. उपाय सोपा आहे : आठवड्यातून एकदोनदा महामार्गावर अर्धा तास सलग फेरी. अनेक मालक हे डिझेल वाया घालवणे समजतात आणि मग त्याच्या कितीतरी पट रक्कम सेवा केंद्रात मोजतात.

काही बनावटींत नायट्रोजन ऑक्साइड निवळण्यासाठी निराळ्या टाकीतून युरियाचे द्रावण धुराड्यात फवारले जाते. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी असते. शेतीच्या मुलखात येथे एक मोह संभवतो. घरात युरियाच्या गोण्या असतातच. मग बादलीत विरघळवून ओतला तर काय बिघडले? पुष्कळ बिघडते. २०१५ पासून देशातील शेतीचा सर्व युरिया कडुनिंबाचे तेल चोळलेला असतो; त्यात बाययुरेट आणि क्षारही असतात. फवारणीची नळी आणि त्यामागचा उत्प्रेरक दोन्ही त्याने कायमचे निकामी होऊ शकतात. तयार द्रावणाचे डबेसुद्धा बिदरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नयेत. तीस अंशांपलीकडे ते हळूहळू नासते.

निवड वाटेवर ठरते

डिझेलचा हिशेब नव्या गाडीच्या बाजूने झुकतो, पण किती, हे फेऱ्यांवर अवलंबून आहे. समजा, जुनी गाडी लिटरला १२ किलोमीटर देते आणि नवी १४. वर्षाला ३०,००० किलोमीटर धावणाऱ्याला जुनीत २,५०० लिटर लागतील आणि नवीत सुमारे २,१४०. लिटरला ९० रुपये धरले तर वर्षाची बचत बत्तीस हजारांच्या आसपास. तीच गाडी वर्षाला १०,००० किलोमीटरच धावत असेल तर बचत अकरा हजारांवर येते आणि नव्या गाडीच्या हप्त्यापुढे ती नगण्य ठरते. म्हणून हुमनाबाद-हैदराबाद किंवा बेळगाव-पणजी अशी लांब, रोजची वर्दी असलेल्याने बीएस-६ घेणे शहाणपणाचे. पंचक्रोशीतच फिरणाऱ्याला नीट राखलेली बीएस-४ गाडी अजून काही वर्षे अधिक पैसे मिळवून देईल. बीएस-३ गाडीबद्दल असे म्हणवत नाही. तिचे वय आता पुष्कळ झाले आहे, आणि मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. दर वेळी एक दिवसाचे भाडे बुडते ते वेगळेच.

दुसऱ्या हाताची गाडी पाहताना दोन्ही पिढ्यांची परीक्षा निराळी. जुनी गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून पाहावी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर बराच वेळ राहिला तर नोझल किंवा कॉम्प्रेशन गेले आहे. ऑइलचे झाकण काढल्यावर वाफेचे जोरदार लोट आले तर पिस्टनच्या रिंगा संपल्या आहेत. बीएस-६ गाडी या तिन्ही परीक्षांत बहुधा उत्तीर्ण होईल, कारण तिचे दुखणे धुराड्यातील गाळणीत आणि संगणकाच्या नोंदीत दडलेले असते. विसार देण्यापूर्वी गाडी स्कॅनरला जोडून गाळणीत काजळी किती साचली आहे आणि शेवटची साफसफाई किती किलोमीटरपूर्वी झाली, हे दोन आकडे वाचून घ्यावेत. मालकाने गाळणी कापून तेथे साधा पाइप जोडला असेल तर ते खाली वाकून पाहिल्यावर वेल्डिंगच्या ताज्या सांध्यावरून कळते; अशी गाडी बळाने चांगली वाटली तरी घेऊ नये, कारण पुढच्या धूरचाचणीत ती अडकली की नवी गाळणी बसवण्याचा खर्च घेणाऱ्याच्याच माथी येतो.